तोफा खिडकीकडे

सलग सातव्या महिन्यात हरल्यावर कवळीवाल्यांनी मनाशी पक्कं केलं, की आपल्या घरात फितुरी आहे.

तसे ते जात्याच संशयी. कुलूप लावलं की चारदा ओढून बघायचे आणि अर्ध्या जिन्यातून परत येऊन पाचव्यांदा. तीस वर्षं दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवत आले होते. दवाखान्यातून जबड्याचा साचा आला की आधी त्याच्यावरच अविश्वास दाखवायचा, हा त्यांचा धंद्याचा पहिला नियम. साचा घेताना माणूस जीभ हलवतो, डॉक्टर घाई करतो, आणि मग कवळी बसली नाही की बोल लागतो बनवणाऱ्याला. त्यामुळे संशय हा त्यांच्या दृष्टीने दोष नव्हता, कारागिरी होती. आता ही कारागिरी माणसांवर चालवली की काय होतं, ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगणारी बायको नऊ वर्षांपूर्वी गेली.

हरत होते ते खेळात. पण खेळ म्हणून सोडून द्यावं असा तो खेळ नव्हता, निदान त्यांच्यासाठी. दर रविवारी दुपारी चष्मेवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत सहा-सात जाणती माणसं जमायची आणि मोठ्या टेबलावर बोटभर उंचीच्या सैनिकांची लढाई लावायची. हिरवं कापड, फोमच्या टेकड्या, मोजायला टेप, नशीब ठरवायला फासे. पंच म्हणून चष्मेवाला स्वतः, म्हणजे नजरेबद्दल तक्रार करायला जागा नाही. जग सगळं कल्पनेतलं. कुणाकडे राक्षस, कुणाकडे लांडग्यांवर बसणारे टोळीवाले, कुणाकडे पंखांचे साप. आणि डावपेच म्हणाल तर सगळ्यांचा एकच, आरडाओरडा करत धावून जायचं आणि हाणायचं.

कवळीवाल्यांकडे होते बुटके. दाढीवाले, आखूड पायांचे. त्यांनी वाचनालयातून जुन्या काळच्या कवायतीचं एक पुस्तक आणलं, दोन महिने परत केलं नाही, आणि त्यातली विद्या या बुटक्यांना शिकवली. गोष्ट साधी होती. तोड्याची बंदूक एकदा उडाली की ती पुन्हा भरेपर्यंत बंदूकवाला म्हणजे हातात काठी धरलेला माणूस. तेवढ्यात कुणी अंगावर आलं की संपला. म्हणून त्याच्याभोवती भालाईत उभे करायचे, दोन पुरुष उंचीचे भाले घेऊन. बंदूकवाल्यांनी बार उडवायचा, भाल्यांच्या आत शिरायचं, निवांत बंदूक भरायची, पुन्हा बाहेर यायचं. भाल्यांच्या टोकांवर जनावर जात नाही, मग ते घोडा असो नाही तर लांडगा.

पहिल्या रविवारी सगळे हसले. "अहो, समोर राक्षस उभाय आणि तुम्ही कवायत कसली करून घेताय?" पण संध्याकाळपर्यंत राक्षस आडवे झाले आणि हसणं बंद झालं. पुढची तीन वर्षं तो चौकोन कुणाला फुटला नाही. सगळ्यात जास्त हरले पार्सलबुवा. पार्सल कचेरीत उभा जन्म काढून निवृत्त झालेला हा माणूस. राक्षस त्यांचेच. हरायचे, आपले मेलेले राक्षस डब्यात भरायचे, आणि "काय भिंत आहे हो तुमची" म्हणून मनापासून दाद द्यायचे. असा प्रतिस्पर्धी मिळायला भाग्य लागतं.

मग पार्सलबुवांची मुलगी कवळीवाल्यांची सून झाली. आणि लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारपासून पार्सलबुवा जिंकायला लागले.

चौकोनाचं एक दुखणं होतं. तो अंगाने जड. पटकन वळता येत नाही. समोरून कुणी आलं तर भाले आहेत, पण बाजूने राक्षस घुसला की सगळं मुसळ केरात. म्हणून कवळीवाल्यांनी दोन तोफा ओतल्या होत्या, कवळीच्या सांगाड्याला वापरतात त्याच धातूच्या, गाड्यासकट भरीव, प्रत्येकी पाव किलो. बाकी सैन्य कवळीच्या हिरड्यांसारखंच प्लास्टिकचं, फुंकलं तर उडेल असं, आणि भाले दात बांधायच्या तारेचे. तोफा दोन्ही एकाच बाजूला ठेवायच्या, म्हणजे ती बाजू बंद. दुसरी बाजू उघडी. ती कुठली, खिडकीकडची की दाराकडची, हेच काय ते गुपित. मांडणीच्या वेळी टेबलाच्या मधोमध पडदा असायचा, दोघांना दहा-दहा मिनिटं. पडदा उघडला की कळायचं कोण कुठे आहे. राक्षस तोफांसमोर आले तर मेले. उघड्या बाजूला आले तर बुटके मेले.

आणि सात महिने राक्षस न चुकता उघड्या बाजूला येत होते.

एकदा, दोनदा म्हणजे योगायोग. दहाव्यांदा कवळीवाल्यांनी फासे घरी आणून मिठाच्या पाण्यात तरंगवून पाहिले, सारखी एकच बाजू वर येते का. फासे निर्दोष निघाले. मग त्यांनी चष्मेवाल्याची टेप आपल्या टेपला लावून पाहिली. मग पडद्याला भोक आहे का ते पाहिलं. मग समोरच्या भिंतीवरचा आरसा, दुकानातल्या गिऱ्हाइकांचा जुना, वर आणून टाकलेला, त्यांनी चष्मेवाल्याला तो उतरवायला लावला. चष्मेवाला म्हणाला, "कवळीवाले, मला चष्मा तुमच्या मनाला लावावासा वाटतोय." सगळे हसले. पार्सलबुवाही हसले, पण जरा खाली बघून. कवळीवाल्यांनी ते टिपलं.

बाहेरचं सगळं तपासून झालं. उरलं घर.

सून नखं रंगवायच्या दुकानात कामाला होती. हात असा स्थिर, की केसाएवढ्या ब्रशने ती नखावर पाकळी काढायची. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ती त्यांच्या खोलीच्या दारात येऊन म्हणाली, "बाबा, यांना डोळे नाहीत."

"कुणाला?"

"तुमच्या माणसांना. दाढ्या आहेत, बक्कलं आहेत, डोळे नुसते काळे ठिपके."

तिने त्यांच्या भिंगाच्या दिव्याखाली बसून एका भालाइताला डोळे काढले. पांढरं, बुबुळ, वर एक भुवई. बुटका एकदम कुणावर तरी रागावलेला दिसायला लागला. कवळीवाले इतके हसले, की मुलगा स्वयंपाकघरातून बघायला आला. त्यानंतर महिनाभर संध्याकाळी दोघं त्या दिव्याखाली बसायची. ते बोलायचे, ती डोळे काढायची. भालाइतांचं सगळं त्यांनी तिला सांगितलं. किती रांगा, बंदूकवाले आत कधी घ्यायचे, तोफा या खेपेला कुठे. नऊ वर्षांनी त्या घरात कुणाला तरी त्यांचं बोलणं संपू नये असं वाटत होतं. हे सुख त्यांना हवं होतं, आणि तेच आता त्यांना टोचायला लागलं.

कारण ती रोज संध्याकाळी वडिलांना फोन करायची.

हातच्या काकणाला आरसा कशाला? कवळीवाल्यांनी आधी तिला बेत सांगणं बंद केलं. तरी हरले. मग तिच्या देखत पेटी भरणं बंद केलं. तरी हरले. मग खोलीला कुलूप लावलं. बारा नवे बंदूकवाले ओतून झाले होते, त्यांना डोळे काढायचे होते. ती ब्रश घेऊन आली तेव्हा दाराला कुलूप होतं. ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली. ते समोरच्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते, म्हणजे वर्तमानपत्राच्या वरून तिच्याकडे बघत होते. ती ब्रश घेऊन परत गेली. 'विचारलं नाही,' त्यांनी मनात नोंद केली. 'म्हणजे कारण माहीत आहे.'

जेवताना बोलणं आटलं. मुलगा एकदा म्हणाला, "बाबा, हिचं काही चुकलंय का?" ते म्हणाले, "मी कुठे काय म्हणालो?" आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार न्यायची कुणाकडे? पुढे त्यांच्या कानावर आलं, की मुलगा दोन खोल्यांची जागा बघून आलाय, तिच्या दुकानाजवळ. आणि तीच नको म्हणतेय. आता साध्या माणसाला यावरून काहीतरी कळलं असतं. कवळीवाल्यांना एवढंच कळलं, की फितुराला छावणी सोडायची नाही.

मग त्यांनी सापळा लावला.

गुरुवारी सकाळी चहा घेताना ते अगदी सहज म्हणाले, "या रविवारी तोफा खिडकीकडे लावतोय."

सुनेचा कप हातातच राहिला. तिने वर पाहिलं. चेहरा एकदम उजळला.

"खिडकीकडे?" ती म्हणाली. "आणि भालाईत मधेच?"

"मधेच."

"बरं," ती म्हणाली, आणि कामाला जाईपर्यंत गुणगुणत होती. कवळीवाल्यांचा मासा गळाला लागला होता, आणि त्यांना आनंद होत नव्हता. संध्याकाळी तिने फोन लावला, आणि सात महिन्यांत पहिल्यांदा, आतून दार लावून घेतलं.

खरा बेत उलटा होता. तोफा दाराकडे. शनिवारी त्यांनी पेटी भरली. ही पेटी म्हणजे कडीची उथळ लाकडी फळपेटी. सैन्य तिच्यात लढाईच्याच क्रमाने ठेवायचं, कडी आपल्याकडे धरली की खिडकीकडचं डाव्या टोकाला, दाराकडचं उजव्या टोकाला. नाही तर तारेचे भाले एकमेकांत असे अडकतात, की सोडवण्यातच दहा मिनिटं जातात. दोन्ही तोफा त्यांनी दाराच्या टोकाला बसवल्या. हिशेब सरळ होता. तोफा खिडकीकडे आहेत अशी खबर पार्सलबुवांना पोचली असेल, तर ते राक्षस दाराकडे आणतील. दाराकडे राक्षस दिसले की फितुरी सिद्ध.

रविवारी जिन्याच्या तळाशी पार्सलबुवा नेहमीसारखे वाट बघत उभे होते. "द्या इकडे, व्याहीबुवा. तुमचे गुडघे." लग्नापासून पेटी तेच वर न्यायचे. पहिल्यांदा कवळीवाल्यांनी "अहो, असू द्या" म्हटलं होतं, दुसऱ्यांदा नुसतं "अहो" म्हटलं होतं, आणि तिसऱ्यांदा पेटी आपणहून पुढे केली होती. मुलाचा बाप असल्याचा एवढा तरी फायदा हवा. पार्सलबुवा दोन्ही हातांनी पेटी धरून दोन जिने चढले. मधल्या वळणावर क्षणभर थांबले. "काय झालं?" कवळीवाल्यांनी मागून विचारलं. "काही नाही. दम घेतो," पार्सलबुवा म्हणाले.

पडदा उघडला.

राक्षस दाराकडे होते. सहाच्या सहा, गदा खांद्यावर टाकून, तोफांच्या तोंडासमोर.

कवळीवाल्यांना कानात शीळ वाजल्यासारखं झालं. पुढचं सगळं त्यांनी यंत्रासारखं केलं. पहिल्या फेरीत तोफांनी दोन राक्षस पाडले. बंदूकवाले बाहेर आले, बार झाला, आत शिरले. राक्षसांच्या साथीचे लांडगेस्वार चौकोनावर आले आणि भाल्यांपुढे थबकले. पुन्हा बार. चौथ्या फेरीत पार्सलबुवांकडे एक राक्षस आणि तीन लांडगे उरले होते. चष्मेवाल्याने निकाल सांगितला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कवळीवाल्यांनी कुणाकडे पाहिलं नाही.

तेवढ्यात मुलगा आणि सून वर आली. रविवारी अशी कधी यायची नाहीत. सून पुढे होती, जिना चढून दम लागलेला, आणि डोळे थेट टेबलाकडे.

"जिंकलात ना, बाबा?"

हसत होती. ते हसणं बघून त्यांचा तोल गेला.

"जिंकणारच," ते म्हणाले. "तू पोचवलेली खबर खोटी होती ना."

"कसली खबर?"

"तोफा खिडकीकडे. तुला एकटीला सांगितलं होतं. आणि हे बघ, राक्षस कुठे आलेत ते बघ. सात महिने माझ्या घरात बसून, माझ्या ताटाशेजारी जेवून..."

"बाबा!" मुलगा ओरडला.

 सुनेचं हसणं चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, काढायचं राहून गेल्यासारखं. पार्सलबुवा उठले. त्यांनी टेबलावरच्या दोन्ही तोफा उचलल्या, रिकाम्या पेटीत दाराच्या टोकाला होत्या तिथे ठेवल्या, झाकण लावून कडी घातली, आणि पेटी कवळीवाल्यांपुढे धरली.

"धरा. दोन्ही हातांनी."

"हे काय नाटक?"

"धरा हो, व्याहीबुवा."

कवळीवाल्यांनी पेटी धरली. सात महिन्यांत पहिल्यांदा, लक्ष देऊन. धरल्या धरल्या तिचं एक टोक खाली ओढलं गेलं. दाराकडचं.

"मी अडतीस वर्षं पार्सलं उचलली," पार्सलबुवा म्हणाले. "काट्यावर ठेवायच्या आधी हाताला कळायचं. पहिल्या रविवारी तुमची पेटी उचलली, ती मानाखातर उचलली, व्याही आहात म्हणून. मधल्या वळणावर कळलं की तोफा कुठे आहेत. कळू नये म्हणून काय करणार होतो? हात का कापून टाकू? तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. तीन वर्षं हरत होतो, जिंकल्यावर बरं वाटलं. हे माझं चुकलं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आरसा उतरवला, फासे पाण्यात घातले, घराला कुलपं लावली, आणि गुपित दर रविवारी स्वतःच्या हाताने शत्रूच्या हातात दिलं, ते सुद्धा मान म्हणून. पण कवळीवाल्यांचा संशय इतक्या सहज मरणारा नव्हता. त्याने शेवटची धडपड केली.

"मग आज राक्षस तोफांसमोर कसे? वजन कळलं होतं, तर उघड्या बाजूला का नाही आणले?"

पार्सलबुवांनी मुलीकडे पाहिलं.

"अप्पा, नका," ती म्हणाली.

"आता काय ठेवायचंय झाकून? व्याहीबुवा, हिने गुरुवारी फोन केला. म्हणाली, अप्पा, एकदा हरा ना. तुम्ही जिंकायला लागल्यापासून बाबा घरात कुणाशी धड बोलत नाहीत. एकदा जिंकू द्या त्यांना. तोफा कुठे आहेत यातलं अक्षर बोलली नाही, मी विचारलं नाही. आज जिन्यात कळलं मला, तोफा दाराकडे आहेत. म्हणून राक्षस दाराकडे ठेवले. मरायला ठेवले."

कवळीवाल्यांच्या हातात पेटी होती. ती कुठे ठेवावी हे त्यांना सुचेना.

"अगं, मला..." ते म्हणाले.

"तुम्ही चहा घेताना तोफांचं बोललात ना," सून म्हणाली. आवाज अगदी साधा होता, नेहमीचा. "मला वाटलं, तुम्ही पुन्हा माझ्याशी बोलायला लागलात."

मग ती जिना उतरून गेली.

त्या महिनाअखेर मुलगा आणि सून दोन खोल्यांच्या जागेत राहायला गेली. या वेळी तिने नको म्हटलं नाही. भांडण नाही, आदळआपट नाही. जाताना तिने वाकून नमस्कारसुद्धा केला, आणि कवळीवाल्यांना वाटलं, त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं. त्यांनी खोलीचं कुलूप काढलं. उघड्या दाराची खोली बघायला आता घरात कुणी नव्हतं. तीन रविवार ते चष्मेवाल्याकडे गेले नाहीत.

चौथ्या गुरुवारी संध्याकाळी ते पेटी घेऊन तिच्या जागेचा जिना चढले. स्वतःच्या हातांनी, गुडघ्यांना शिव्या देत. दार तिनेच उघडलं. मुलगा अजून आला नव्हता. तिने पाणी दिलं आणि समोर बसली, पाहुण्यांसमोर बसतात तशी.

त्यांनी पेटी जमिनीवर ठेवून उघडली. मधे भालाईत होते, रागावलेल्या डोळ्यांचे. त्यांच्यामागे बारा बंदूकवाले, काळ्या ठिपक्यांचे.

"या रविवारी," कवळीवाले म्हणाले, आणि अडखळले. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "या रविवारी तोफा दाराकडे आहेत. खरंच. बघ, दाराकडेच ठेवल्यात. अप्पांना सांगायचं तर सांग. पेटी यापुढे मीच उचलणार, त्यांना कळायचं नाही, तू सांगितलंस तरच कळेल. माझं चुकलं गं. फार चुकलं."

ती पेटीवर वाकली. मग तिने एक बंदूकवाला उचलला, खिडकीच्या उजेडात धरला, आणि परत जागेवर ठेवला. कवळीवाल्यांची मान खाली गेली.

"मला का सांगताय?" ती म्हणाली. "मी सांगितलं तर?"

"तर हरेन."

ती उठून आत गेली. आत कपाटाचं दार वाजलं. ती परत आली तेव्हा तिच्या हातात ब्रश होता, आणि चेहऱ्यावर हसू मात्र नव्हतं.

"दिवा नाहीये इथे भिंगाचा," ती म्हणाली. "वेळ लागेल. तोवर सांगा, बंदूकवाले आत कधी घेणार?"